मुलांसाठी खेळाचा संघ कसा निवडावा? मावळ-लोणावळ्यातील पालकांसाठी मार्गदर्शक

२ मे २०२२ रोजी ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत ४५ किलो गटात हर्षदा गरुड हिने स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३ असे एकूण १५३ किलो वजन उचलून सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. हर्षदा मावळ तालुक्यातील वडगावची. तिचे वडील शरद गरुड स्वतः वेटलिफ्टिंग केलेले होते आणि तिचा पाया वडगावातच, बिहारीलाल दुबे यांच्या व्यायामशाळेत घातला गेला.

मावळातल्या पालकांना या उदाहरणातून एक साधी गोष्ट शिकता येते. जगज्जेतेपदापर्यंत जाणारी वाट मोठ्या शहरातल्या महागड्या अकादमीतूनच सुरू होते असे नाही. घराजवळ मन लावून शिकवणारा माणूस, वर्षानुवर्षे न चुकणारा सराव आणि खेळ समजणारे घर असेल, तर छोट्या गावातूनही ती सुरू होऊ शकते. मात्र प्रत्येक घरात खेळाडू पालक नसतो. म्हणूनच मुलाला कोणत्या संघात, तालमीत किंवा अकादमीत घालावे हा प्रश्न अनेकांना पडतो. निवड चुकली तर पैसे जातातच, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी मूल खेळच सोडून देते.

मावळात कोणते पर्याय असतात?

ढोबळमानाने चार प्रकारचे संघ दिसतात.

पहिला, शाळेचा संघ. शालेय क्रीडा स्पर्धा राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशी त्यांची पायरी असते.

दुसरा, गावातले मंडळ किंवा तालीम. कबड्डी, खो-खो आणि कुस्ती मुख्यतः येथेच जगली. शुल्क नाममात्र असते किंवा नसतेच. शिकवणारा बहुधा गावातला जुना खेळाडू असतो.

तिसरा, शुल्क घेणारी खासगी अकादमी. तळेगाव, लोणावळा आणि पिंपरी-चिंचवडच्या बाजूला क्रिकेट, फुटबॉल, बॅडमिंटन, पोहणे, स्केटिंग यांच्यासाठी हा पर्याय अधिक दिसतो. गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे स्टेडियम मावळ तालुक्यातच असल्याने क्रिकेटची ओढ या भागात आणखी वाढली आहे.

चौथा, निवासी प्रशिक्षण. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी हे त्याचे ठळक उदाहरण. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल मावळाच्या शेजारीच आहे. येथे प्रवेश चाचण्या देऊन मिळतो आणि मूल घरापासून दूर राहते.

यातला कोणताही प्रकार मुळातच चांगला किंवा वाईट नाही. मूल कोणत्या वयाचे आहे आणि त्याला खेळातून काय हवे आहे, यावर उत्तर बदलते.

आधी मुलाचे वय आणि कल

दहा-बारा वर्षांपर्यंत मुलाने एकाच खेळाला बांधून घेण्याची घाई करू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. जिम्नॅस्टिक्ससारखे काही खेळ लवकर सुरू करावे लागतात. पण बहुतेक खेळांत धावणे, उडी, तोल, झेल आणि फेक यांचा पाया आधी पक्का व्हावा लागतो. खो-खो खेळणाऱ्या मुलीला पुढे अॅथलेटिक्समध्ये तिचा वेग उपयोगी पडतो, कुस्ती केलेल्या मुलाला कबड्डीत पकड करताना ती मदत करते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तेव्हा थेट रायफल हातात घेऊन आला नव्हता. प्रबोधिनीत सुरुवातीचा काळ गेल्यानंतर त्याने नेमबाजी निवडली. खेळ नंतर ठरला, शरीराची आणि शिस्तीची तयारी आधी झाली.

म्हणून लहान मुलासाठी संघ पाहताना विचारावा असा प्रश्न हा: येथे मूल वेगवेगळे कौशल्य शिकते का, की आठव्या वर्षापासून त्याला 'फक्त विकेटकीपर' किंवा 'फक्त कोपरारक्षक' करून टाकले आहे?

मुलाचे मत विचारणेही तितकेच आवश्यक आहे. मित्र ज्या संघात आहेत तिथे जावेसे वाटणे हे कारण मोठ्यांना किरकोळ वाटते. पण रोज संध्याकाळी मैदानावर ओढून नेणारी गोष्ट बहुतेक वेळा मित्रच असतात.

प्रशिक्षकाकडे काय पाहावे?

संघाच्या निवडीत सर्वात मोठा वाटा प्रशिक्षकाचा असतो. त्याच्याकडे दोन गोष्टी तपासाव्यात, शिक्षण आणि वागणूक.

शिक्षणाच्या बाबतीत पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, संबंधित खेळाच्या महासंघाचा परवाना (फुटबॉलमध्ये अशा परवान्यांच्या ठरावीक पायऱ्या आहेत) किंवा शारीरिक शिक्षणातील बी.पी.एड. पदवी यांची चौकशी करावी. गावातल्या तालमीत असे कागद नसण्याची शक्यता असते. त्यावरून माणूस वाईट ठरत नाही. पण मग त्याच्या हाताखालून गेलेली मुले किती वर्षे खेळत राहिली, किती जणांना दुखापती झाल्या, हे गावात विचारून कळते.

वागणूक कागदावर दिसत नाही. त्यासाठी प्रवेश घेण्याआधी दोन-तीन संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे राहून सराव पाहावा. पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात:

• मुलाकडून चूक झाली की प्रशिक्षक काय करतो? चूक दाखवून पुन्हा करून घेतो, की सगळ्यांसमोर अपमान करतो?
• सर्वात कच्च्या मुलाकडे तो किती वेळ पाहतो? हुशार मुलाला कुणीही शिकवू शकते.
• सराव संपल्यावर मुले हसत-बोलत बाहेर पडतात का?
• पालकांना सराव पाहू देतात का? 'पालकांना आत प्रवेश नाही' असा नियम सरसकट असेल तर कारण विचारावे.

मारहाण हा जुना 'शिस्तीचा' मार्ग काही ठिकाणी अजून दिसतो. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. शाळेच्या मैदानावरही तोच नियम लागू होतो.

चषकांपेक्षा खेळायला मिळणारा वेळ

कार्यालयात मांडलेले चषक पाहून अनेक पालक संघ ठरवतात. लहान गटातल्या विजेतेपदाचा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. १४ वर्षांखालील गटात जी मुले लवकर उंच आणि दणकट होतात, ती जिंकतात. शालेय स्पर्धांत वयाची मोजणी १ जानेवारीच्या तारखेने होते. त्यामुळे एकाच गटात जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते. कॅनडातील आइस हॉकीपासून युरोपातील फुटबॉलपर्यंत अनेक अभ्यासांत दिसले आहे की, निवड होणाऱ्या मुलांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त असते. वर्षाच्या शेवटी जन्मलेले मूल निवडले गेले नाही, तर ते 'खेळात कच्चे' आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये.

चषकांपेक्षा उपयोगी हिशेब आहे खेळायला मिळणाऱ्या मिनिटांचा. कबड्डीत संघ बारा जणांचा, पण मैदानात सात. खो-खोत मैदानात नऊ. उरलेल्यांचे काय होते, हे पाहावे. संघ तीन गावांच्या स्पर्धा खेळून आला आणि मूल तिन्ही वेळा बाहेर बसले, तर नामवंत संघाचा त्याला फारसा उपयोग झाला नाही.

सरावालाही हेच लागू होते. समजा, क्रिकेटच्या एका तासाच्या सत्रात ३० मुले आणि दोन नेट आहेत. मग प्रत्येकाच्या वाट्याला फलंदाजी येते चार मिनिटे. बाकीची ५६ मिनिटे प्रशिक्षकाने कशी भरली आहेत, यावर त्या अकादमीची किंमत ठरते. क्षेत्ररक्षण, धावणे, जोडीने सराव असे काही चालू असेल तर ठीक. मुले रांगेत उभी राहून बॅट फिरवत असतील, तर पालक रांगेचे पैसे भरत आहेत.

अंतर, लोकल आणि मावळचा पाऊस

संघ कितीही चांगला असला, तरी रोज पोहोचता आले नाही तर उपयोग नाही. मावळात हा मुद्दा शहरापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव ही गावे लोकलच्या मार्गावर आहेत. तिथल्या मुलांना पुण्याच्या बाजूला जाणे शक्य होते. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातल्या आतल्या गावांत मात्र शेवटच्या एसटीची वेळ हीच सरावाची मर्यादा असते.

येथेही साधा हिशेब करावा. लोणावळ्याहून सरावासाठी जाऊन-येऊन रोज तीन तास प्रवास होत असेल, तर आठवड्यातले पाच दिवस धरून १५ तास जातात. वर्षातले ४० आठवडे धरले तर ६०० तास. त्यातून झोप, अभ्यास आणि जेवण यांपैकी काहीतरी कापले जाते. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी घराजवळचा साधा संघ बहुधा अधिक फायद्याचा ठरतो. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाची तयारी आणि इच्छा दोन्ही दिसली, तर लांबचा प्रवास किंवा निवासी प्रशिक्षण यांचा विचार करता येतो.

शनिवार-रविवारचा वेगळा प्रश्न असतो. पावसाळ्यात भुशी धरण आणि घाटाकडे येणाऱ्या पर्यटकांमुळे लोणावळ्यात व जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर कोंडी होते. रविवारी सकाळचा सराव रस्त्याने गाठायचा असेल, तर हे गृहीत धरूनच वेळ विचारावी.

पावसाचा प्रश्न सर्वात मोठा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर मातीची मैदाने चिखलात जातात. शालेय स्पर्धांचा हंगाम मात्र पावसाळ्यातच सुरू होतो. त्यातच जुलैमध्ये आवणीच्या दिवसांत शेतकरी घरातली मुले शेतावर लागतात. त्यामुळे संघाला थेट विचारावे: पावसाळ्यात सराव कुठे होतो? सभागृह, शेड किंवा मॅटची सोय आहे का? नसेल तर त्या महिन्यांचे शुल्क घेतात का? आवणीसाठी आठ दिवस न आलेल्या मुलाचे संघातले स्थान जाते का? या उत्तरांतून संघ आपल्या भागातल्या मुलांना ओळखतो की नाही, हे कळते.

वीज कडाडत असताना सराव थांबवण्याचा नियमही विचारावा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास उघड्यावर जाऊ नये, हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे. मावळात वळवाच्या आणि परतीच्या पावसात त्याची गरज पडते.

सुरक्षितता: संकोच न करता विचारायचे प्रश्न

मुलांचे लैंगिक शोषण रोखण्यासाठीचा २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाला आणि मुलीला लागू आहे. अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'संघाचे नाव खराब होईल' म्हणून प्रकरण दाबणे हाही गुन्हा ठरू शकतो. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ चोवीस तास उपलब्ध असते.

चांगल्या संघाला पुढील प्रश्नांचा राग येत नाही:

• बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर महिला प्रशिक्षक किंवा महिला व्यवस्थापक असते का?
• मुक्काम कुठे असतो, आणि मुले कुणाच्या खोलीत झोपतात?
• प्रशिक्षक एकट्या मुलाला किंवा मुलीला गाडीवर सोडतो का, रात्री वैयक्तिक संदेश पाठवतो का? संदेश पालकांच्या गटावरच यावेत.
• मैदानावर स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची बंद जागा आहे का? मुली बाराव्या-तेराव्या वर्षी खेळ सोडतात, त्यामागे पाळीच्या दिवसांत सोय नसणे हे न बोलले जाणारे कारण अनेकदा असते.
• प्रथमोपचाराची पेटी आहे का, आणि जवळचे रुग्णालय कोणते हे प्रशिक्षकाला माहीत आहे का? १०८ ची रुग्णवाहिका मैदानापर्यंत येऊ शकते का?

डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळले, उलटी झाली किंवा चक्कर आली, तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. 'काही नाही, उठ' म्हणणारा प्रशिक्षक येथे धोकादायक ठरतो.

वजन, दुखापत आणि विश्रांती

कबड्डीच्या किशोर गटासाठी १६ वर्षांची आणि कुमार गटासाठी २० वर्षांची वयोमर्यादा असते. त्याबरोबर वजनाचीही मर्यादा असते. कुस्ती आणि वेटलिफ्टिंग तर वजनगटांवरच चालतात. त्यामुळे स्पर्धेआधी जेवण आणि पाणी तोडून, घाम काढून 'वजन उतरवण्याची' पद्धत काही ठिकाणी लहान मुलांनाही लावली जाते. वाढत्या वयात ही पद्धत घातक आहे. मूल वाढत असेल, तर त्याला वरच्या गटात खेळवणे हाच योग्य मार्ग.

पावडर, गोळ्या किंवा इंजेक्शन देणाऱ्या संघापासून दूर राहावे. बाजारातल्या पूरक पदार्थांत बंदी असलेले घटक मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत. राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्था म्हणजे 'नाडा' चाचणी घेते, तेव्हा 'मला माहीत नव्हते' हे उत्तर खेळाडूला सहसा वाचवत नाही.

विश्रांतीबाबत अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस साधी आहे. आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी आणि एकाच खेळातून वर्षभरात एकूण तीन महिने विश्रांती, तीही एकेका महिन्याच्या टप्प्यांत. संघटित सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, असा एक अडाखाही वापरला जातो. म्हणजे बारा वर्षांच्या मुलासाठी आठवड्याला बारा तासांची मर्यादा. मावळात पावसाने बंद पडणारे आठवडे या दृष्टीने फुकट जात नाहीत. त्या काळात पोहणे, योगासने किंवा घरचा व्यायाम चालू ठेवला, तर दुखऱ्या गुडघ्यांना विश्रांती मिळते.

नोंदणी आणि प्रमाणपत्र

महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. त्यामुळे प्रमाणपत्राला मोठी किंमत आली आहे. पण प्रत्येक प्रमाणपत्र चालत नाही. गावच्या जत्रेतील किंवा रात्रीच्या प्रकाशझोतातील स्पर्धेचा चषक मानाचा असतो, शासकीय लाभासाठी मात्र खेळ आणि संघटना मान्यताप्राप्त असावी लागते. नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून होते. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाली असून, त्यात नोकऱ्याही गेल्या आहेत.

म्हणून विचारावे: संघ जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का? खेळाडूची नोंदणी कुणाच्या नावावर होते? पुढे संघ बदलायचा असेल तर काय करावे लागते? मुलाची शाळा शालेय स्पर्धांना प्रवेशिका पाठवते का, हेही पाहावे. अकादमीत शिकणारे मूल शालेय स्पर्धेत आपल्या शाळेकडूनच उतरते. शाळेने नावच पाठवले नाही, तर वर्षभराचा सराव त्या वर्षी वाया जातो.

जन्मतारीख बदलून लहान गटात खेळवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो संघ तिथेच सोडावा. पकडले गेल्यास बंदी मुलावर येते.

खर्च आणि संघ सोडण्याची वेळ

मासिक शुल्काबरोबर गणवेश, बूट, प्रवेश फी, स्पर्धेचा प्रवास आणि शिबिरे यांचा वर्षाचा एकूण आकडा आधीच लिहून मागावा. वर्षभराचे पैसे एकदम भरण्याऐवजी एका महिन्याचे भरून पाहावे. 'तुमचा मुलगा नक्की भारतासाठी खेळेल' असे सांगून महागडे शिबिर विकणाऱ्याकडे पाठ फिरवावी. अशी खात्री कोणताही जाणता प्रशिक्षक देत नाही.

मूल सतत पोटदुखीचे कारण सांगू लागले, सरावाच्या दिवशी गप्प राहू लागले, किंवा दुखणे लपवू लागले, तर आधी त्याच्याशी निवांत बोलावे. प्रश्न प्रशिक्षकाशी बोलून सुटत नसेल, तर संघ बदलण्यात कमीपणा नाही. हंगामाच्या मध्येच उठून जाण्यापेक्षा शक्य असेल तेव्हा हंगाम संपवून बदल करावा, कारण सोबतची मुलेही त्याच्यावर अवलंबून असतात. त्रास सुरक्षिततेशी संबंधित असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

थोडक्यात

संघ ठरवण्याआधी पालकांनी या पाच प्रश्नांची उत्तरे मिळवावीत:

१. प्रशिक्षक मुलांशी कसा वागतो, हे स्वतः पाहिले आहे का?
२. मुलाला प्रत्यक्ष खेळायला किती वेळ मिळेल?
३. पावसाळ्यासह वर्षभर रोज तिथे पोहोचता आणि सुखरूप परतता येईल का?
४. सुरक्षितता, दुखापत आणि नोंदणी यांवर संघ मोकळेपणाने बोलतो का?
५. पुढच्या वर्षीही येथेच खेळायचे असे मूल स्वतःहून म्हणते का?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे प्रवेशाआधी मिळतात. पाचव्याचे उत्तर हंगाम संपल्यावर मिळते, आणि बहुतेक वेळा तेच सर्वात खरे असते.